लंगरातला राजीनामा

उत्तर नागपुरातल्या एका गुरुद्वाऱ्याच्या लंगरात मी दोन वर्षं रविवारच्या रविवारी पोळ्या लाटल्या, आणि त्यातली एकही धड गोल झाली नाही. बीजी माझ्या शेजारी बसायच्या आणि माझी पोळी उचलून सगळ्या बायकांना दाखवायच्या. "काहून वं, पोळी लाटून राहिली का चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा काढून राहिली?" बायका हसायच्या, मीही हसायची. मी तिथे पोळ्यांसाठी आलेले नाही हे त्या गोलात बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं.

बीजी म्हणजे सत्तरीच्या पुढची एक विधवा सरदारीण. फाळणीनंतर त्यांचे आईवडील नागपुरात आले आणि बीजी इथेच जन्मल्या. घरात पंजाबी, बाजारात हिंदी आणि राग आला की अस्सल नागपुरी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी होती. माझ्याशी त्या बहुतेक वेळा नागपुरीतच बोलायच्या, यावरून काय ते समजा.

मी स्वतः नंदनवनात राहते. घर बौद्ध, बोली नागपूरची, नोकरी एका महिला मदत केंद्रात. मारहाण सोसणाऱ्या बायका तिथे येतात, आम्ही ऐकतो, दवाखाना, पोलीस, कोर्ट अशा फेऱ्या त्यांच्याबरोबर मारतो. पंजाबी बायका मात्र आमच्याकडे येत नव्हत्या. त्यावर आमच्या बैठकीत एक वरिष्ठ म्हणाले, "खातापिता समाज आहे, त्यांच्यात असले प्रश्न नसतात." दुसरे म्हणाले, "त्यांच्यात तर हे असतंच, गरम डोक्याचे लोक." ही दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत, एकाच चहावर बोलली गेली आणि दोघांनाही आपण काहीतरी विचार मांडला असं वाटलं. माझ्या घरी मोठ्या दिरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आपल्यात बाप्पा असं नसते." दीक्षा घेतलेल्या आजोबांचा फोटो त्यांच्या डोक्यावर होता, आणि माझी जाऊ स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं होण्याची वाट बघत उभी होती. समतेवर बोलायला आमच्या दिरांना कधीही उठवावं.

युक्ती बीजींची होती. एका हळदीकुंकवाला, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या जातीधर्माच्या बायका, विधवासुद्धा, जमतात तसल्या, त्यांची माझी ओळख झाली आणि माझं काम कळल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुझ्या ऑफिसात कोणी येणार नाई. बाई घराच्या बाहेर निघाली की सासू विचारते, कुठे? पण सेवेले जातो म्हटलं की नवऱ्याची बी हिंमत नाई नको म्हणाची. तू लंगरात ये." सेवा म्हणजे गुरुद्वाऱ्यात फुकट राबणं: भांडी घासणं, भाज्या चिरणं, पोळ्या लाटणं. घरातून पाऊल बाहेर टाकू न देणारे नवरे बायकोला तिथे मोटारसायकलवरून आणून सोडत आणि आपण किती धार्मिक म्हणून मिशीवरून हात फिरवत. मग मी जायला लागले. पुरुष डाळीच्या कढईपाशी, बायका कणकेपाशी. भांड्यांचा एवढा खणखणाट की शेजारणीचं बोलणं सोडून काही ऐकू येऊ नये. माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली खोली ती होती, आणि तिला दारही नव्हतं.

ती तिथेच भेटली. लुधियान्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली, तिशीच्या आतली, शाळेत जाणारी एक मुलगी पदरात. सासरचा ट्रकांचा धंदा, कोराडीच्या वीज केंद्राची राख वाहायचा. नवरा दिसायला इतका सालस की बघणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. प्रत्येक शब्दामागे 'जी', म्हाताऱ्यांच्या पाया पडणं, लंगरात पाणी वाढणं. गोगलगाय नि पोटात पाय. तो बाटलीबिटलीला शिवत नसे, त्यामुळे 'दारू चढली होती' ही नेहमीची सोयसुद्धा त्याच्या घरच्यांना नव्हती. तो पूर्ण शुद्धीवर मारायचा. एकदा तिची बरगडी मोडली तेव्हा सासूने डॉक्टरला सांगितलं, न्हाणीघरात घसरली. त्या घरातलं न्हाणीघर फारच निसरडं असावं.

बरगडी सांधत आली त्या सुमाराला एका रविवारी ती कणकेपाशी येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राज़ीनामा हो गया जी।"

मला भरून आलं. पिठाच्या हातानेच मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बहुत अच्छा किया. अब रहोगी कहाँ?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. बीजींनी लाटणं खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "अवं, आमच्यात राजीनामा म्हणजे समझोता. बुढ्यायनं मिटवलं, हे परत नवऱ्याच्या घरी राहाले तयार झाली. नोकरी सोडाचा राजीनामा तुमच्या मराठीत. आमच्यात राजीनामा करतात, तुमच्यात देतात."

एकाच शब्दाने तिच्या गावात बाई परत घरात घातली जात होती आणि माझ्या गावात बाहेर पडत होती. मला इतका संताप आला की पुढची पोळी मी पार फाडली. ती मात्र हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "राजीनामा दि-ला," ती म्हणाली. मग विचारलं, "मराठी में औरत भी दे सकती है?"

"नोकरीचा देतात," मी म्हटलं. "नवऱ्याचा कोणी देत नाही."

"नौकरी ही तो है जी," ती म्हणाली. "बस, तनख़्वाह नहीं है।"

हा समझोता घडवून आणला होता तिच्या नवऱ्याच्या काकांनी. सगळे त्यांना चाचाजी म्हणत, म्हणून मीही म्हणते, आदर म्हणून नव्हे. चाचाजी दानशूर होते. पाण्याच्या कूलरवर त्यांचं नाव, पायरीच्या संगमरवरावर त्यांचं नाव, लंगरातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा त्यांचं नाव. पंखा जोरात फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून ते तिथे असले की पंखा दोनवर चाले आणि आम्ही पोळ्या लाटणाऱ्या बायका घामाने निथळत असू. लोकांची भांडणं मिटवण्याचा त्यांना छंद होता. आजवर त्यांनी मिटवलेलं एकही भांडण कोणा बाईच्या बाजूने मिटल्याचं बीजींना आठवत नव्हतं, आणि बीजींना सगळं आठवायचं.

समझोत्याने पावसाळाभर काम केलं. म्हणजे मार दिसणार नाही अशा जागी पडला. दसऱ्याच्या आसपास ती लंगरात आली तेव्हा चुन्नी कपाळापर्यंत ओढलेली होती. बीजींनी ती मागे सारली. वेणी नव्हती. मानेपाशी केसांची वेडीवाकडी खुंटं उभी होती. ती फोनवर बहिणीशी बोलत होती एवढ्या कारणाने नवऱ्याने स्वयंपाकघरातली कात्री घेतली होती. ज्याने जन्मात स्वतःच्या केसाला कात्री लागू दिली नाही, रोज सकाळी आरशासमोर उभा राहून पगडीची घडी न घडी नीट बसवतो, त्याने. सासूने ती वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आणि सुनेला सांगितलं, कोणाला बोललीस तर आपल्याच घराची बदनामी.

बीजी रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चाल, माह्या घरी." त्या दिवशी ती लंगरातून परस्पर बीजींच्या घरी गेली. मुलगी सासूपाशी होती, आणि ती सासरच्यांनी दिली नाही. आई पाहिजे तर आईने घरी यावं, म्हणाले.

मी तिला पोलीस ठाण्यात नेलं. साहेब मराठी, माझ्याच बोलीचे, त्यामुळे मला जास्त आशा होती. मूर्ख आशा. त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही, सगळं माझ्याशीच बोलले. "मॅडम, यायचे लोकं यायच्या यायच्यात मिटवतात. तुम्ही कायले मधात पडून राहिल्या? पोरगी बापाजवळ हाये, कोणी पळवली थोडीच?" टेबलावर सामोशाची प्लेट होती. त्यांनी मला एक पुढे केला. मारहाणीची तक्रार ऐकताना सामोसा पुढे करणारा माणूस वाईट नसतो असं म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्या केंद्रातल्या वकीलबाईंनी कोर्टाचा अर्ज तयार करायला घेतला, पण कोर्टाच्या तारखा कोर्टाच्या मर्जीने पडतात, आणि मुलगी तोवर त्या घरात राहणार होती. आईने मला टाकलं, हे तिला रोज सांगितलं जात होतं. ते कळल्यापासून तिची आई जेवेना.

मग चाचाजींचा निरोप आला. येत्या रविवारी दिवाण, म्हणजे कीर्तन-प्रार्थना, झाल्यावर सगळे बसू आणि राजीनामा करू. बीजींनी उलट निरोप धाडला: पोट्टीले घेऊन या, नाही तर आम्ही येत नाही. चाचाजींनी मान्य केलं. समझोता होणार याची त्यांना इतकी खात्री होती की मुलीला आणण्यात त्यांना धोका दिसला नाही.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघी बीजींच्या घरी बसलो. बीजींचा बेत सरळ होता. "हाव म्हण. पोट्टी मांडीवर घे अन् निघ. बाकीचं मी पाहून घेतो."

"वहाँ झूठ नहीं बोलूँगी," ती म्हणाली.

ते तिला गुरु ग्रंथ साहिबांपुढे मत्था टेकवून बोलायला लावणार होते, आणि तिथे ती खोटं बोलणार नव्हती. मी तिच्यावर चिडले, सरळ सांगते. त्याच जागी मत्था टेकून तिचा नवरा रोज खोटं जगत होता, सासू जगत होती, चाचाजींचं तर नाव पंख्यावर फिरत होतं. खरेपणाचा सगळा भार हिच्याच मोडक्या बरगडीवर कशाला? पण तिने मान हलवली ती हलवलीच. खरं बोलावं तर मुलगी मिळत नाही, आणि मुलगी मिळवावी तर खोटं बोलावं लागतं. बीजी चहा करायला उठल्या आणि चहा उतू गेला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. जाताना तिने मला एवढंच सांगितलं, बाहेर ऑटो उभा ठेवा.

रविवारी पाच ज्येष्ठ सतरंजीवर बसले. नवरा खाली मान घालून. सासूने नातीला मांडीवर अशी धरली होती की पोरीला हलता येईना. आईला पाहून ती उठायला गेली, सासूने दाबून बसवली. चाचाजींनी सुरुवात केली: घरात भांड्याला भांडं लागतंच, मुलगा कमावता आहे, गुस्सा आ जाता है. तिने बरगडीचं सांगितलं, ते ऐकून ज्येष्ठांनी सुस्कारे सोडले. तो घरचा मामला होता.

तेव्हा बीजी उठल्या आणि त्यांनी वेणीचं सांगितलं. खरं तर हे सांगायला तिने आदल्या दिवशी मनाई केली होती. "वो मेरे बालों पर रोएँगे, मुझ पर नहीं," ती म्हणाली होती. पण बीजींना राहवलं नाही.

आणि अगदी तसंच झालं. पाचही जण हादरले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. केसांची विटंबना, गुरूची देणगी, शिखाच्या घरात कात्री. चाचाजींनी पुतण्याला सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायला लावली, बायकोची नव्हे, गुरूची. शिक्षा सुनावली: जोडाघरात, म्हणजे जिथे भाविक पादत्राणं ठेवतात तिथे, महिनाभर लोकांच्या चपला-बूट पुसायचे, आणि सुरुवात आजच. ही त्यांची फार जुनी आणि मला विचाराल तर सुंदर रीत आहे. माणसाची मिजास उतरावी म्हणून ती घालून दिली. ज्या गुरूंनी घालून दिली त्यांनी बाईला कमी लेखू नका असंही बजावलं होतं, पण ते या पाचांना आठवलं नाही.

मी बोलले. म्हटलं, बरगडीचा एक्स-रे आहे माझ्याकडे, त्याची शिक्षा कोणती?

चाचाजी गोड हसले. "मैडम जी, आप हमारे मामले नहीं समझेंगी."

"बरगड्या आमच्यातही असतात," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

मग त्यांनी तिला उठवलं. बेटा, त्याने माफी मागितली, शिक्षा घेतली, आता तूही मन मोठं कर, गुरु महाराजांपुढे सांग. ती उठली, चुन्नी सारखी केली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मैं गुरु महाराज के सामने राज़ीनामा देती हूँ।" आणि तिने मत्था टेकला.

'वाहेगुरू' म्हणत सगळ्यांनी समाधानाने हात जोडले. चाचाजींनी चहा मागवला. सासूची पकड सैल झाली, आणि मुलगी धावत जाऊन आईला अशी बिलगली की ती मत्था टेकून उठता उठता पडता पडता राहिली.

गेली, परत गेली, एवढंच मनात आलं. मग मी बीजींकडे बघितलं. बीजी माझ्याकडेच बघत होत्या. करती हूँ नाही म्हणाली ती. देती हूँ म्हणाली. पाच ज्येष्ठ, आयुष्य राजीनामे करण्यात गेलेलं, पण बाई काय बोलते ते ऐकायची सवय एकालाही नव्हती. त्यांना 'राजीनामा' ऐकू आला आणि तेवढ्यावर त्यांचे कान मिटले.

जोडाघरात नवरा कामाला लागला होता. मांडी घालून, फडकं घेऊन. येणारेजाणारे त्याच्या पाठीवर थाप मारून शाबास म्हणत होते. बायकोचं हाड मोडून, वेणी कापून शाबासकी मिळवायची तर किती कमी कष्ट पडतात हे मी तिथे पाहिलं. तिचा नि मुलीचा बिल्ला घेऊन त्याने दोघींची पादत्राणं काढली, तिच्या सँडल फडक्याने पुन्हा पुन्हा पुसल्या आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवल्या. चार लोक बघत होते ना. "चल जी, गाड़ी निकालता हूँ," तो म्हणाला.

तिने आधी मुलीला बूट घातले. मग सरळ उभी राहून मराठीत म्हणाली, एकेक शब्द ठेवत, "मी राजीनामा दिला."

तो नागपुरात जन्मलेला, नागपुरात शिकलेला. मराठी त्याला माझ्याइतकीच येत होती. आधी तो हसला, तिच्या उच्चारांना. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. मागून चाचाजी चहाचा कप घेऊन आले. "क्या बोली? क्या बोली ये?" पुतण्याने सांगितलं नाही. चार लोकांत ते तोंडातून निघेना.

बीजींनी सांगितलं. "नोकरी सोडली तिनं, गा. तुह्याच गावची भाषा हाये, समजून घे."

चाचाजी माझ्याकडे वळून म्हणाले की हे मी शिकवलं. मी हो म्हणाले. इतकी चांगली शिकवणी मला पुन्हा कधी जमली नाही. नवरा उठायला गेला, पण भोवती लोक होते, हातात फडकं होतं आणि शिक्षा अजून संपली नव्हती. ज्या लोकांसमोर त्याला चांगलं दिसायचं होतं, त्यांच्यासमोरच त्याला बसून राहावं लागलं.

ती मुलीचा हात धरून ऑटोकडे गेली. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत, आणि सामोसेवाल्या साहेबांना शेवटी तक्रार लिहून घ्यावीच लागली. पण त्या दिवशी ऑटोत बसल्यावर तिने पाय पुढे घेऊन सँडलकडे बघितलं. लग्नानंतर त्या माणसाने तिच्यासाठी केलेलं हे एवढंच काम, आणि ते मात्र त्याने मन लावून केलं होतं. सँडल नव्यासारख्या दिसत होत्या.